कोलोनच्या सोन्याच्या पेटीतली हाडं खरी आहेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन जर्मनीला येताय. कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या जन्माच्या वेळी आलेल्या तीन राजांची हाडं सोन्याच्या पेटीत ठेवली आहेत, असं वाचलंत. ती खरी आहेत का, तपासणी झाली आहे का, आणि खोटी असतील तर एवढं मोठं चर्च कशासाठी उभारलं, हे तुम्हाला हवंय. शेवटी एक ओळ सहज लिहिलीत: "आई आत्ताच म्हणतेय, देवळात हाडं कशी ठेवतात? मी बाहेरच थांबते."

मी गेली १७ वर्षं कोलोनमध्ये मराठी आणि हिंदी गटांना शहर दाखवते. आत मोठ्यानं माहिती सांगत फिरायची मुभा बाहेरच्या गाईडला नाही, त्यामुळे माझं सगळं बोलणं समोरच्या चौकात, वारा खात होतं. तुमचा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. आईंचा फार कमी वेळा, कारण बहुतेक जण तो संकोचानं गिळतात. पण खरा प्रश्न आईंचाच आहे. तो सुटला की तुमचा निम्मा आपोआप सुटतो, म्हणून तिथून सुरुवात करते.

आपल्याकडे स्मशानातून आलं की आंघोळ. अस्थी घरात आणायच्या नाहीत, विसर्जनापर्यंत बाहेर कुठंतरी टांगून ठेवायच्या. जुन्या रोमनांचंही असंच होतं. त्यांच्या बारा फलकांच्या कायद्यात माणसाला शहराच्या आत पुरू नये, जाळूही नये, असं स्पष्ट कलम होतं. म्हणून रोमन शहरांची स्मशानं वेशीबाहेर, रस्त्यांच्या कडेला असत. कोलोन हे मूळचं रोमन शहर, इथंही तसंच. ख्रिस्ती लोकांनी हा नियम उलटा फिरवला. श्रद्धेपायी मारले गेलेले लोक वेशीबाहेर पुरलेले, त्यांच्या थडग्यांपाशी आधी लोक जमू लागले, मग प्रार्थनास्थळं झाली, आणि पुढं हाडंच वेशीच्या आत, थेट वेदीखाली आली. इ.स. ३८६ मध्ये इटलीतल्या मिलानच्या बिशप अँब्रोसनं गर्वासियस आणि प्रोटासियस या दोन हुतात्म्यांचे अवशेष उकरून आपल्या नव्या चर्चच्या वेदीखाली ठेवले, ते या बदलातलं ठळक उदाहरण. ७८७ मध्ये निकायाच्या धर्मसभेनं तर अवशेष ठेवल्याशिवाय चर्चची प्रतिष्ठापनाच करू नये असं ठरवून टाकलं.

यामागचा विचार कळला की विटाळाचा मुद्दा उरत नाही. शेवटच्या दिवशी सगळे मेलेले देहासकट उठणार, ही त्यांची श्रद्धा. म्हणजे संताचं हाड हा उरलेला कचरा नाही, मालक परत येऊन मागणार आहे अशी ती वस्तू आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये अशा अवशेषांना 'पिग्नोरा' म्हणत. याचा सरळ मराठी अर्थ तारण, कर्जापोटी ठेवतात ते. संत वर देवापाशी, आणि त्यांचं तारण खाली आमच्या गावात. आपले मराठी ख्रिस्ती लोक मुक्तीलाही 'तारण' म्हणतात. दोन्ही अर्थ एका शब्दात बसवणारी दुसरी भाषा निदान मला माहीत नाही.

आईंना एवढं सांगा: आळंदीला माउलींच्या समाधीपुढं आपण विटाळ धरत नाही, तसंच हे. आणि बाबांना इतिहासात रस असेल तर नालासोपाऱ्याचा स्तूप सांगा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उघडला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, स्फटिकाची आणि शेवटी सोन्याची, अशी डबीत डबी निघाली. सगळ्यांत आत मातीच्या भांड्याचे तुकडे होते, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले. सोन्यात माती ठेवायची ही रीत आपल्या मातीला अनोळखी नाही.

आता तुमचा प्रश्न. खरी का खोटी?

याचं उत्तर तुम्ही 'खरी' कशाला म्हणता यावर ठरतं. मी चौकात तीन वेगळे प्रश्न करते. हाडं जुनी आहेत का? ती त्याच तिघांची आहेत का? आणि ती इथं आली कशी? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या खात्रीची आहेत आणि ती एकत्र कालवली की गोंधळ होतो.

जुनी आहेत. १८६४ मध्ये पेटी उघडून पाहणी झाली. तीन पुरुषांची हाडं निघाली: एक तरुण, एक मधल्या वयाचा, एक वयस्क. हाडांबरोबर कापडाचे तुकडे होते. विसाव्या शतकात त्यांचा अभ्यास झाला, तेव्हा ते सिरियातल्या पाल्मिराला सापडलेल्या वस्त्रांशी जुळणारे, ख्रिस्ती सनाच्या सुरुवातीच्या काही शतकांतले निघाले. महागडं, जांभळ्या रंगाचं रेशीम. म्हणजे कुणीतरी बाराव्या शतकात शेजारच्या स्मशानातली कवटी उचलून सोन्यात ठेवली, असा प्रकार नाही. फार जुन्या काळी, फार मानानं गुंडाळलेली ही माणसं आहेत.

त्याच तिघांची का? इथं प्रामाणिक उत्तर असं की तसं सिद्ध करता येत नाही, आणि येणारही नाही. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात 'पूर्वेकडून मागी आले' एवढंच आहे; मागी म्हणजे ज्ञानी लोक. किती आले ते नाही, राजे होते असं नाही, नावं नाहीत. त्यांनी आणलेल्या भेटवस्तू तीन म्हणून माणसं तीन धरली गेली. राजपद आणि कास्पर, मेल्कियोर, बाल्थासार ही नावं नंतरच्या शतकांत चिकटली. जे तिघे मुळात मजकुरात तीन नाहीत, त्यांची हाडं ओळखायची कशी?

तिसरा प्रश्न मात्र मला सगळ्यांत आवडतो, कारण इथं कागद बोलतात. आख्यायिका सांगते की सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईला, हेलेनाला, हे देह पूर्वेकडे सापडले, ते कॉन्स्टँटिनोपलला आले, आणि तिथून बिशप युस्टोर्जियसनं बैलगाडीतून मिलानला आणले. वाटेत लांडग्यानं एक बैल मारला, तर बिशपनं लांडग्यालाच जुंपलं. मिलानच्या वेशीपाशी गाडा जड झाला, हलेना, म्हणून तिथंच चर्च बांधलं. देवाची पालखी जड होते आणि देव आपली जागा आपण निवडतो, हे ऐकलेल्या मराठी माणसाला या गोष्टीत नवल वाटत नाही. माझ्या गटात इथं हमखास कुणीतरी आपल्या गावची तशीच गोष्ट सांगतं, आणि मला दहा मिनिटं उशीर होतो.

कागदोपत्री इतिहास मात्र ११५८ पासून सुरू होतो. सम्राट फ्रेडरिक बार्बरोसाच्या स्वारीच्या धास्तीनं मिलानकरांनी वेशीबाहेरच्या चर्चमधून हे देह शहरात हलवले, तेव्हाची नोंद आहे. ११६२ मध्ये मिलान पडलं, शहर उद्ध्वस्त केलं गेलं. ११६४ मध्ये बार्बरोसानं ही लूट आपल्या चान्सलरला, म्हणजे मुख्य कारभाऱ्याला, बक्षीस दिली. हा चान्सलर रायनाल्ड फोन डासेल, म्हणजेच कोलोनचा आर्चबिशप. २३ जुलै ११६४ ला तो अवशेष घेऊन कोलोनात शिरला.

हे राजकारण समजून घ्या. बार्बरोसाचं पोपशी वाजलेलं होतं. अशा वेळी 'येशूला सर्वांत आधी ओळखलं ते राजांनी, तेव्हा ना पोप होता ना चर्च' असा मूक दावा करणारे तीन राजे हातात येणं म्हणजे सोन्याहून पिवळं. पुढच्याच वर्षी, ११६५ मध्ये, त्यानं शेजारच्या आखेन शहरात जुन्या काळच्या शार्लमेन सम्राटाला संत म्हणून जाहीर करवून घेतलं, तेही आपल्या बाजूच्या प्रतिपोपकडून, म्हणजे खऱ्या पोपविरुद्ध उभ्या केलेल्या पोपकडून. मग रिवाजच पडला: जर्मन राजाचा राज्याभिषेक आखेनला, आणि तिथून तो कोलोनला येऊन या तिघांपुढं गुडघे टेकणार.

मिलानकर हे विसरले नाहीत. सांत युस्टोर्जियो चर्चमध्ये ती रिकामी दगडी शवपेटी आजही आहे, 'तीन मागींची कबर' असं लॅटिनमध्ये कोरलेली. १९०३ मध्ये कोलोननं हाडांचा थोडा अंश परत केला. साडेसातशे वर्षांनंतर.

तर आतापर्यंतचं: हाडं प्राचीन आहेत हे पक्कं, कुणाची हे सांगता येत नाही, आणि कोलोनला ती युद्धातली लूट म्हणून आली यात वाद नाही.

आता पेटी. आत गेल्यावर मुख्य वेदीच्या मागे काचेत दिसेल. साधारण २२० सेंटीमीटर लांब, ११० रुंद, १५३ उंच. निकोलस ऑफ व्हर्डन या सोनाराच्या हाताखाली ११८० ते ९० च्या दरम्यान काम सुरू झालं आणि १२२५ च्या आसपास संपलं. आकार चर्चसारखा: खाली शेजारी-शेजारी दोन पेट्या, वर तिसरी. समोरची बाजू सोन्याच्या पत्र्याची, बाजूला आणि मागं मुलामा दिलेलं चांदी-तांबं. मी लोकांना दोनच गोष्टी शोधायला लावते. समोर मेरीच्या मांडीवर बाळ आहे, तिच्याकडे तीन राजे मुकुट घालून चाललेत. त्यांच्या मागं चौथा माणूस उभा आहे, हातात डबी, डोक्यावर मुकुट नाही. हा राजा ओटो चौथा. त्यानं १२०० च्या सुमारास तीन कवट्यांसाठी मुकुट दिले, पेटीसाठी सोनं दिलं, आणि मोबदल्यात बायबलच्या रांगेत जागा मिळवली. देणगीदाराची पाटी लावायची पद्धत जुनी आहे.

दुसरी गोष्ट जडावाचे खडे. हजाराहून जास्त आहेत, आणि त्यांत जुन्या रोमन काळातले कोरीव खडे बरेच. त्यांच्यावर ग्रीक-रोमन देवदेवता कोरलेल्या आहेत. ख्रिस्ती अवशेषांच्या पेटीवर परधर्मातले देव! सोनाराला खडा मौल्यवान असला की पुरे होतं. सगळ्यांत मोठा कोरीव खडा १५७४ मध्ये चोरीला गेला, तो आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे.

आणि ज्या चर्चविषयी तुम्ही विचारलंत, ते या पेटीसाठीच आहे. आधीचं कॅथेड्रल यात्रेकरूंना पुरेना, म्हणून १५ ऑगस्ट १२४८ ला नव्याची कोनशिला बसली. सोळाव्या शतकात पैसा आणि उत्साह दोन्ही आटले. अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर मध्ययुगीन लाकडी क्रेन तीनशे वर्षं तशीच उभी होती, जुन्या चित्रांत ती शहराची खूण म्हणून दिसते. १८४२ ला काम पुन्हा सुरू झालं, १८८० ला संपलं. तेव्हा 'खोटी असतील तर एवढं मोठं चर्च कशासाठी' हा प्रश्न मी उलटा वाचते. यात्रेकरू खरे होते, त्यांच्या खानावळी खऱ्या होत्या, शहराच्या चिन्हातले तीन मुकुट खरे आहेत.

इथून पुढं मला बोलायला सगळ्यांत आवडतं, कारण आर्चबिशप आणि सम्राट बाजूला होतात आणि सामान्य माणसं येतात.

सामान्य माणसाला पेटी लांबून दिसून भागत नव्हतं. त्याला घरी काहीतरी न्यायचं होतं. चर्चच्या शास्त्रात अवशेषाला लावलेली वस्तूही पुण्याची धरतात, त्यामुळे वाट मोकळी होती. कोलोनमध्ये छापील चिठ्ठ्या मिळत. त्यांच्यावर तिघांची नावं, छोटी प्रार्थना, आणि मजकूर असा की ही चिठ्ठी कोलोनच्या तीन राजांच्या मस्तकांना लावलेली आहे, प्रवासातली संकटं, डोकेदुखी, फेफरं, ताप, करणी आणि अकस्मात मरण यांवर गुणकारी, मात्र दृढ श्रद्धा हवी. शेवटची अट वकिलानं घातल्यासारखी आहे. एकदा मी याचं भाषांतर ऐकवलं तेव्हा साताऱ्याकडच्या एक आजी म्हणाल्या, "म्हणजे अंगारा, कागदाचा." मी तेव्हापासून तसंच सांगते.

प्रवास पहिला का? कारण हे तिघे स्वतः लांबून चालत आलेले. म्हणून ते वाटसरूंचे रक्षक. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये जुन्या खानावळींची नावं 'तीन राजे', 'तारा', 'मुकुट' अशी सापडतात, त्यांतली बरीच यांच्यावरून आलेली आहेत.

शेजारच्या आखेनची गंमत वेगळी. तिथं मेरीचा झगा, बाळाची दुपटी अशी चार वस्त्रं दर सात वर्षांनी बाहेर काढतात, १३४९ पासून. (कोविडमुळे २०२१ ची यात्रा २०२३ ला झाली.) गर्दी एवढी की वस्त्र उंच मनोऱ्यातून दाखवत. मग लोक छोटे आरसे असलेले बिल्ले विकत घेत आणि आरसा वर धरून अवशेषाचं तेज त्यात पकडत. पुढं छपाईमुळे जगप्रसिद्ध झालेल्या गुटेनबर्गनं १४३९ च्या यात्रेसाठी असे आरसे बनवायला भागीदारी केली होती. यात्रा वर्षभर पुढं गेली, पैसा अडकला, भागीदारीतलं भांडण कोर्टात गेलं. म्हणून तर आपल्याला हे माहीत आहे.

आणि संत पावला नाही तर? 'देव पाण्यात घालून बसणे' आपण नुसतं म्हणतो. मध्ययुगीन मठांत खरोखर तसं करत. जहागीरदारानं मठाची जमीन बळकावली की भिक्षू संताचे अवशेष वेदीवरून उतरवून जमिनीवर ठेवत, वर काटे घालत आणि म्हणत, आता तूच काय ते बघ. १२७४ मध्ये ल्योंच्या धर्मसभेनं हा प्रकार बंद करायला सांगितलं. मोठ्यांचं वागणंही फार वेगळं नव्हतं. इंग्लंडमधल्या लिंकनचा बिशप ह्यू फ्रान्समध्ये फेकांच्या मठात मेरी मॅग्डलीनच्या हाताचं दर्शन घ्यायला गेला, आणि चुंबन घ्यायला वाकून त्यानं दातानं तुकडे तोडले. भिक्षू खवळले. त्याचा बचाव असा: आत्ताच मी प्रभूचं शरीर प्रसाद म्हणून दातांनी खाल्लं, मग या हाडाचं काय! गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पायाचं बोट एका भाविक बाईनं चावून नेल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, ती याच घराण्यातली.

त्या काळी शंका घेणारं कुणी नव्हतं, हाही गैरसमज आहे. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या गिबेर नावाच्या मठाधिपतीनं अवशेषांवर अख्खा ग्रंथ लिहिला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मस्तक दोन ठिकाणी आहे म्हणतात, तर त्याला डोकी दोन होती का, असं तो सरळ विचारतो. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेनं अवशेष विकायला आणि पोपच्या मान्यतेशिवाय नवे पुजायला मनाई केली. विक्री जोरात असल्याशिवाय मनाई कोण करतं?

त्या बाजारात कोलोन हे मोठं कोठार होतं. कॅथेड्रलपासून पंधरा मिनिटं चालत सेंट उर्सुलाचं चर्च आहे. उर्सुला नावाची राजकन्या अकरा हजार कुमारिकांसह यात्रेहून परतताना हूणांच्या हातून इथं मारली गेली, अशी कथा. अकरा हजार का? एका तर्कानुसार मूळ अकराच असाव्यात; लॅटिन आकड्यापुढचं 'एम' हे 'मार्टिर', म्हणजे हुतात्मे, यासाठी होतं; रोमन आकड्यांत एम म्हणजे हजारही, आणि कुणीतरी ते हजार वाचलं. ११०६ मध्ये तट वाढवताना तिथं हाडांचे ढीग लागले आणि सगळ्यांना वाटलं, याच त्या! प्रत्यक्षात ते वेशीबाहेरचं जुनं रोमन स्मशान होतं, ज्याविषयी मी सुरुवातीला बोलले. पुरुषांची आणि लहान मुलांची हाडंही निघाली, तर एका साध्वीला दृष्टांत होऊन त्यांचीही ओळख पटवली गेली. ही हाडं युरोपभर गेली. उरलेल्यांची तिथल्या 'सोनेरी खोली'त भिंतभर नक्षी केली आहे. मांडीची, हाताची हाडं रचून लॅटिन अक्षरं काढली आहेत.

आज यातलं काय उरलंय? ६ जानेवारीच्या आसपास मुलं राजांचे झगे आणि कागदी मुकुट घालून दारोदार गातात, मुलांच्या मदतकार्यासाठी पैसे गोळा करतात, आणि दाराच्या चौकटीवर खडूनं लिहून जातात: सालाचे पहिले दोन आकडे, तारा, मग क्रॉसच्या खुणांनी जोडलेली सी, एम, बी ही अक्षरं, शेवटी सालाचे उरलेले आकडे. शास्त्रानुसार तो 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्याचा संक्षेप. पण माझ्या इमारतीतल्या म्हाताऱ्या शेजारणीला विचाराल तर ती कास्पर, मेल्कियोर, बाल्थासारच सांगेल. वर्षभर ते पुसायचं नसतं. आमच्या दारावर जुन्या सालाच्या फिकट रेघांवरच नवं साल लिहिलेलं आहे, उंबऱ्यावरच्या जुन्या रांगोळीसारखं. याच तिघांची जत्रा गोव्यातही भरते: रेईस मागूसच्या चर्चचं नावच पोर्तुगीजमध्ये 'मागी राजे', आणि ६ जानेवारीला कासावलीजवळ कुएलीच्या टेकडीवर तीन मुलगे मुकुट घालून घोड्यांवरून चढतात. पुढं कधी जमलं तर तेही पाहा.

आता तुमच्या सहलीपुरतं. ऑक्टोबरमध्ये कवट्या दिसणार नाहीत. पेटीची पुढची पट्टी ६ जानेवारीच्या सणाला काढतात, तेव्हाच जाळीमागे मुकुट घातलेली तीन मस्तकं दिसतात. पेटीखालून वाकून जायची जुनी रीत सप्टेंबरअखेरच्या यात्रेत चालते, तीही तुमची हुकेल. त्यामुळे आईंना बाहेर थांबायचं कारण नाही. त्यांना फक्त सोनं दिसेल. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकांवर बसून राहा, बाबांची टोपी काढायला सांगा. सेंट उर्सुलाच्या सोनेरी खोलीचं मात्र वेगळं छोटं तिकीट आहे आणि ती मोजकेच तास उघडी असते. तिथं चारही भिंतींवर हाडंच हाडं आहेत, तिथं आईंना न विचारता नेऊ नका.